24 एकराचे 2 एकर झाले, तरी लोकसंख्येवर बोलायचं नाही?

धुऱ्यावरचा (आर्वी, जि. वर्धा)

मागच्या आठवड्यात आमच्या वावराची मोजणी झाली. आजोबाच्या नावावर 24 एकर होतं. त्यांना चार मुलं, म्हणजे सहा-सहा एकर. आम्ही तिघं भाऊ, म्हणजे दोन-दोन. मोजणीवाल्यानं खुणेचा दगड रोवला आणि लहान भाऊ दोन फुटासाठी मोठ्याच्या अंगावर धावून गेला. दोन फूट! त्यात पऱ्हाटीची एक ओळ धड बसत नाही. विहीर एकच आहे आणि तिच्यावर बारा हिस्सेदार. माझी पाण्याची पाळी बाराव्या दिवशी येते, आणि त्या दिवशी लाइन रात्रीची असली तर टॉर्च घेऊन ओलायला जावं लागते. नवे धुरे टाकता टाकता किती जमीन गेली त्याचा तर हिशेबच नाही.

हे काही एकट्या माझ्या घरचं नाही. राज्यात एका खातेदाराची सरासरी जमीन 1970-71 मध्ये 4.28 हेक्टर होती, 2015-16 च्या कृषी गणनेत ती 1.34 वर आली.

कुटुंब नियोजन जगात सर्वांत आधी आपल्या सरकारनं 1952 मध्ये सुरू केलं. तरी 1951 चे 36 कोटी 2011 पर्यंत 121 कोटी झाले. म्हणून माझं म्हणणं साधं आहे. दोनच्या वर लेकरं झाली की रेशन बंद, घरकुल बंद. ग्रामपंचायतीला नियम आहे, सरकारी नोकरीला आहे, मग बाकीच्यांना काहून नाही? मला दोनच आहेत, हे आधीच सांगून ठेवतो.

खडू_फळा

भाऊ, मी तुमच्याच जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. 1998 मध्ये रुजू झालो तेव्हा चार वर्गांत 84 मुलं होती. आज 11 आहेत. पहिलीत एकच मुलगी आहे, ती दुसरीच्या वर्गात बसते. काही मुलं कॉन्व्हेंटच्या गाडीनं जातात, मान्य. पण ती धरूनही गावात सहा वर्षांची मुलं हाताच्या बोटांवर मोजता येतात. पट नाही म्हणून शाळा राहते की जाते याचा घोर आम्हाला दर जूनला असतो, आणि तुम्ही म्हणता लेकरं फार झाली.

आकडेच हवेत तर तुमच्या वर्ध्याचे घ्या. 2001 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 12 लाख 37 हजारांच्या आसपास होती, 2011 मध्ये 13 लाख. दहा वर्षांत पाच टक्के वाढ. त्याच काळात राज्याची वाढ जवळपास 16 टक्के. भंडाऱ्याचंही असंच, 11.36 लाखांचे 12 लाख. एका बाईला सरासरी 2.1 मुलं झाली तर लोकसंख्या पुढे स्थिर राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (2019-21) महाराष्ट्राचा आकडा 1.7 आला, देशाचा 2.0. तुम्हाला जे थांबवायचं आहे ते थांबलेलंच आहे.

धुऱ्यावरचा

गुरुजी, थांबलं म्हणता तर 2023 मध्ये आपण चीनच्या पुढं कसे गेलो? संयुक्त राष्ट्रांचाच अंदाज आहे तो. तुमच्या शाळेत पोट्टे नाहीत कारण ते पुण्यात, हिंजवडीत जन्मून राहिले. माणूस कमी झाला नाही, नुसता इथून तिथं गेला. पुण्यात पाणी टँकरनं येते, विचारा तिथं गेलेल्यांना.

पुसदचा_पुण्यात

तिथं गेलेला हजर आहे. हो, टँकर येतो. तो बिल्डरच्या कृपेनं येतो, आमच्या लेकरांमुळे नाही. आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत आणि मिळून तीन मुलं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं आहे. उतारावर बैल सोडले म्हणून बंडी जागच्या जागी थांबत नाही, थोडी पुढं जातेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी जन्मलेल्या मुली आज आई होऊन राहिल्या. त्यांची संख्याच इतकी आहे की प्रत्येकीला एक-दोनच झाले तरी एकूण बेरीज काही वर्षं वाढत राहील. चीननं 1980 च्या सुमाराला एकच मूल हा कायदा लावला. 2016 पासून दोन मुलांना परवानगी दिली, 2021 मध्ये तीन. आता लोकांना म्हणतात होऊ द्या, तर लोक होऊ देत नाहीत.

खडू_फळा

आणि भाऊ, एक घरगुती प्रयोग करा. तुमच्या पणजीला किती झाले आणि किती जगले, मग आजीला, मग आईला, हे घरात म्हाताऱ्या माणसाला विचारा. इथं लिहा.

धुऱ्यावरचा

विचारलं. आत्या म्हणते पणजीला अकरा झाले, जगले तीन. आजीला सात, जगले सहा. आईला तीन, तिघंही आहोत. यातून काय सिद्ध होते?

खडू_फळा

तुमची जमीन कशी वाटली गेली ते सिद्ध होतं. तुमच्या घरात लेकरं वाढली नाहीत, उलट कमीच होत गेली. अकरा, सात, तीन. मरणं त्याहून झपाट्यानं कमी झाली. देवीची लस आली, हिवतापावर फवारणी आली, प्रसूती दवाखान्यात होऊ लागल्या. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सरासरी आयुर्मान तिशीच्या थोडं वर होतं, आज सत्तरच्या आसपास आहे. 36 चे 121 कोटी मुख्यतः त्यामुळे झाले. पणजीची अकरातली आठ गेली तशीच पुढेही लेकरं जात राहिली असती तर वाटणीचा प्रश्नच आला नसता, असं तर तुम्ही म्हणणार नाही ना?

आशा_गावातली

मी आशा सेविका आहे, यवतमाळ जिल्ह्यात. बाळ झालं की मला त्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42व्या दिवशी जावं लागते. वजन करायचं, ताप पाहायचा, श्वास मोजायचा. ही पद्धत मुळात आपल्या गडचिरोलीची. अभय बंग आणि राणी बंग यांनी 39 गावांत बायांना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी करून दाखवले. 1999 मध्ये ते मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, मग देशभर लागू झालं. माझा अनुभव सांगते. ज्या घरात पहिलं बाळ धडधाकट वाढते ते घर दुसऱ्यानंतर आपणहून ऑपरेशनचं विचारते. जिथं एक बाळ गेलं तिथं सासू म्हणते, अजून एक होऊ दे, भरोसा नाही.

धुऱ्यावरच्या भाऊंना मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 24 एकर चार भावांत वाटलं. आजीचे तर सहा जगले म्हणता, मग दोन आत्यांचा हिस्सा कुठं गेला? आणि दोनच लेकरं आहेत म्हणून छाती काढून सांगता, तर तुमच्या घरी ऑपरेशन कोणाचं झालं?

लाल_मिरची

एवढं लांबण लावायची गरज नाही. विशिष्ट लोकच वाढवून राहिले, सगळ्यांना माहीत आहे, बोलत कोणी नाही.

पुसदचा_पुण्यात

बोलतो मी. गुरुजींनी सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत, 1992-93 मध्ये, मुस्लिम बाईमागं 4.4 मुलं होती, 2019-21 मध्ये 2.36. हिंदूंमध्ये 3.3 वरून 1.94. दोघांचंही कमी झालं, आणि जास्त कमी कोणाचं झालं ते वजाबाकी करून पाहा. बिहारात सगळे धर्म मिळून 3.0 आहे, केरळात 1.8. फरक मुलगी कितवीपर्यंत शिकली आणि कितव्या वर्षी लग्न झालं याचा आहे. पुसदला माझ्या आईच्या बरोबरीच्या बाया चौथीत शाळा सोडलेल्या, त्यांना चार-चार. त्यांच्या लेकी बी.ए., त्यांना एक-दोन. जात-धर्म तोच.

म्हातारा_बैल

वय 74. नातू टाइप करून राह्यला, मी सांगून राह्यलो.

ज्याईले जबरदस्ती पाह्यजे त्याईनं 1976 ची आणीबाणी पाह्यली नाई. आमच्या शायेतल्या मास्तरले नसबंदीच्या केसचा कोटा होता. केस नाई आणली तं पगार अडे. तो बिचारा बाजाराच्या दिवशी लोकाईच्या मांगं फिरे. जीप दिसली का जवान पोट्टे तुरीत पयत. माया चुलतभावाचं लगन ठरलं होतं, त्याले नेला. त्याची सोयरीक मोडली, मंग त्यानं लगनच नाई केलं. त्या एका वर्सात देशात 80 लाखाच्या वर ऑपरेशनं झाली, त्यातले 60 लाखाच्या वर पुरुष. आपल्या महाराष्ट्रानं तं सक्तीचा कायदाच विधिमंडळात पास केला होता, राष्ट्रपतीची सही नाई झाली म्हणून वाचलो. तवापासून माणूस ऑपरेशनचं नाव काढलं का पयते, आन् सगळं बायाईच्या अंगावर आलं. जबरदस्तीनं हे कमावलं, बापा.

आशा_गावातली

काकाजी बरोबर बोलले. देशात लग्न झालेल्या 37.9 टक्के बायांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के. गावात मी पुरुषाला विषय काढला की उत्तर ठरलेलं, कमजोरी येते, मग डवरणी कोण करीन. अहो, त्यात फक्त शुक्राणू वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बांधतात. अंडकोषाला हात लागत नाही, ताकद जिथल्या तिथं राहते, टाकाही पडत नाही आणि त्याच दिवशी घरी येता येते. तीन महिने तेवढं निरोध वापरावं लागते, कारण नळीत आधीचे शुक्राणू उरलेले असतात. तपासणीत साफ आलं की झालं. बाईचं म्हणजे पोट उघडायचं. शिबिरात मी बाया सतरंजीवर ओळीनं झोपलेल्या पाहिल्या आहेत. एकीचा नवरा बाहेर पानठेल्यावर उभा होता, आत आलाच नाही.

भाऊ, माझ्या दोन प्रश्नांची उत्तरं राहिली.

माजी_सदस्य_बाई

नियमाची फार तारीफ चालली आहे म्हणून लिहिते. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त मुलं झाली की सदस्यपद जाते. माझं गेलं. पहिल्या दोन मुली. तिसरं हवं की नको हे मला नवऱ्यानंही विचारलं नाही, सासूनंही नाही. मुलगा झाला, पेढे वाटले, आणि तक्रार झाली तेव्हा खुर्ची माझी गेली. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते, बाईच्या बीजावर नाही, हे दहावीच्या पुस्तकातलं कोणी सासूला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता हाच नियम रेशनवर लावा म्हणता. धान्य कोणाच्या ताटातलं कमी होईल? त्या तिसऱ्या लेकराच्या. आणि त्याच्या आधी बाईच्या.

लग्नाळू_32

दोन एकरवाले हजार सापडतील, पण पोरगी द्यायला कोणी तयार नाही. मागच्या उन्हाळ्यात सात ठिकाणी पाहायला गेलो, पाच जणांनी चहाच्या आधीच विचारलं, नोकरी कुठं? बुलडाण्याच्या आमच्या भागात 2011 मध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली नऊशेच्याही खाली होत्या. गर्भलिंग तपासणीवर महाराष्ट्रानं 1988 मध्येच कायदा केला, देशात पहिला. तरी ही गत. दोनच लेकरं आणि त्यात एक मुलगा पाहिजेच, असं धरलं की मुलगी कुठं जाते ते आम्हाला दिसून राहिलं. सक्तीवाल्यांनी आधी आमच्यासाठी स्थळ आणावं.

धुऱ्यावरचा

चहूबाजूनं आले. ठीक आहे. रेशन बंद करायचं म्हणालो ते रागात म्हणालो, मागं घेतो. बाईंचं पटलं.

पण जमिनीचं कोणीच बोलत नाही. अन्नाचं सांगाल तर मलाही माहीत आहे, 1950-51 मध्ये देशात धान्य 5 कोटी टन होतं, आता 30 कोटींच्या वर. माणूस चौपट, धान्य सहापट. पण ते पिकलं खालच्या पाण्यावर आणि युरियावर. वरुड-मोर्शीत संत्र्यासाठी हजार फूट बोअर मारून राहिले, धूळ निघते. शेजारी कापूस वेचायला बाया मिळत नाहीत म्हणून रडते आणि मी दोन एकरात पोट भरत नाही म्हणून रडतो, हे दोन्ही एकाच गावात कसं चालू आहे हे कोणी सांगा.

खडू_फळा

कारण दोन एकरवाला स्वतःच्या वावरातच अडकला, दुसऱ्याकडं जात नाही, आणि ज्याला जाता येते तो पुसदहून पुण्याला गेला. शेतीबाहेर काम तालुक्याला नाही. जन्मदर शून्यावर आणला तरी तुमची पाळी बाराव्या दिवशीच येईल, कारण बारा हिस्सेदार जिवंत आहेत आणि मोटार एक आहे. बाराही जणांनी मिळून ठिबक टाकलं तर पाणी पुरेल की नाही, एवढा हिशेब मी रविवारी येऊन करून देतो. भांडण तुम्ही मिटवा.

आशा_गावातली

दोन प्रश्न.

धुऱ्यावरचा

ताई, तुम्ही सोडणार नाही.

आत्यांनी हक्कसोड करून दिलं. सह्या घ्यायला मीच गेलो होतो, लुगडी घेऊन.

ऑपरेशन हिचं झालं. तूर काढणीवर होती, मळणीयंत्र भाड्यानं आणलेलं, सोडता येत नव्हतं. मी तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो.

लग्नाळू_32

मळणीयंत्राचं भाडं आता तासाला काय चालू आहे तुमच्याकडं?