पन्ह्यात सोडियम बेंझोएटऐवजी लवंगेचे तेल चालेल का?

प्रश्न – कैरीवाली (रत्नागिरी)
नमस्कार. आमचा बचत गट कैरीच्या पन्ह्याचा तयार गर बाटल्यांत भरून विकतो. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक बाटली उलटीपालटी करून "यात केमिकल नाही ना?" असे विचारते, म्हणून यंदा एका घाण्यात सोडियम बेंझोएट हे टिकाऊपणासाठी घालायचे रसायन वगळून लिटरमागे लवंगेच्या तेलाचे चार थेंब घातले. पन्ह्याला दातांच्या दवाखान्याचा वास आलाच, शिवाय बाराव्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी पांढरी साय धरली. लवंगेचे तेल जंतुनाशक असते, असे सगळीकडे वाचायला मिळते. मग आमचे चुकले कुठे?

प्रतिसाद 1 – अन्नतंत्र
ताई, आपण वाचलेले खोटे नाही, पण ते प्रयोगशाळेतील काचेच्या बशीपुरते खरे आहे. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनामाल्डिहाइड आणि ओव्यातील थायमॉल, म्हणजे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे ओव्याचे फूल, यांच्यामुळे जिवाणूच्या पेशीचे आवरण सैल होते आणि आतील द्रव्ये बाहेर झिरपतात. खाद्यपदार्थात मात्र हीच तेले स्निग्धांशाला व प्रथिनांना चिकटून बसतात, त्यामुळे तेवढाच परिणाम साधण्यासाठी कितीतरी अधिक मात्रा लागते आणि ती गाठण्याच्या फार आधी जीभ नकार देते. पन्ह्यात स्निग्धांश नगण्य असला तरी तेल पाण्यात सहजी मिसळत नाही. ते गराला आणि बाटलीच्या कडांना धरून राहते.

दुसरे असे की, आपला शत्रू बहुधा जिवाणू नव्हताच. कैरीच्या आंबटपणात फारसे जिवाणू वाढत नाहीत. साय धरते ती यीस्ट आणि बुरशीची. बेंझोएट नेमके तेथेच उपयोगी पडते, कारण आम्ल माध्यमात त्याचे बेंझोइक आम्ल होते आणि ते या सूक्ष्मजीवांच्या पेशीत शिरते. (क्रॅनबेरीत हेच आम्ल निसर्गतः असते आणि युजेनॉल हेही रसायनच आहे, हे गिऱ्हाइकाला पटवणे अवघड, याची कल्पना आहे.)

बेंझोएट टाळायचेच असेल तर उष्णतेवर भर द्यावा. गर 85 अंश सेल्सिअसच्या वर असतानाच निर्जंतुक केलेल्या गरम काचेच्या बाटलीत जवळजवळ काठोकाठ भरावा, झाकण लावून बाटली काही मिनिटे आडवी ठेवावी आणि उघडल्यानंतर ती फ्रिजमध्ये ठेवण्याची सूचना लेबलवर छापावी. लवंगेचे तेल चवीपुरते घालायचे असल्यास तेही घटकांच्या यादीत लिहावे.

प्रतिसाद 2 – लोणचेवाल्या काकू
पन्ह्याचे मला ठाऊक नाही, पण लोणच्यात हे काम मोहरी करते. मोहरीची डाळ पाणी घालून फेसली की नाकात झणका जातो. तो झणका म्हणजेच तिचे उडनशील तेल, आणि ते अख्ख्या दाण्यात तयार नसते, दाणा फुटून ओला झाला की तयार होते. म्हणून आमच्याकडे फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय फेसलेल्या मोहरीवर ओतत नाहीत. तरीही मिठात हात आखडला तर लोणचे बिघडते, मोहरी कितीही फेसा.

प्रतिसाद 3 – अन्नतंत्र
काकूंचे अगदी बरोबर आहे. गोडे तेल आणि हे उडनशील तेल मात्र एक समजू नये. गोड्या तेलाचा थर हवा अडवतो, जंतू मारत नाही. उलट आंबटपणा नसलेल्या पदार्थात हवा नसणे हेच घातक ठरते. 1985 साली कॅनडातील व्हँकुव्हर येथे फ्रिजबाहेर ठेवलेल्या, तेलातल्या चिरलेल्या लसणातून बॉट्युलिझमची, म्हणजे हवेविना वाढणाऱ्या जिवाणूच्या विषाची, बाधा झाली होती. तेलात बुडवलेली ओली लसूण लिंबाचा रस किंवा व्हिनेगर न घालता कोणी विकत असेल, तर ते थांबवावे.

कैरीवाली
आभार. आम्ही गर कोमट झाल्यावर भरत होतो आणि गळ्याशी दोन बोटे जागा सोडत होतो. साय धरली ती नेमकी तेथेच.