अनुभव धागा : नेटवरच्या कॉलसाठी बिनतारी कीबोर्ड आणि स्पीकरफोन – काय बघून घ्यावं?

एकाच टेबलावर बिनतारी कीबोर्ड आणि स्पीकरफोन (माइक आणि स्पीकर एकत्र असलेलं यंत्र) ठेवून रोज कॉल करणाऱ्यांसाठी हा धागा. ब्रँडच्या याद्या नकोत. काय तपासून घ्यावं, कुठे अडतं, कशाने सुटतं ते लिहा.

टंकवेडा

खोक्यावर नॉइज कॅन्सलिंग सगळेच छापतात. त्याऐवजी फुल डुप्लेक्स (दोन्ही बाजूंचा आवाज एकाच वेळी जाणं) आहे का ते बघा, आणि छापलेल्यावर न विसंबता परत करण्याच्या मुदतीत तपासून घ्या. समोरच्याला एक ते वीस सलग मोजायला सांगायचं आणि तो मोजत असतानाच आपण एखादा परिच्छेद मोठ्याने वाचायचा. मधले आकडे गळाले किंवा त्याला आपलं वाचन तुटक ऐकू आलं, तर यंत्र एका वेळी एकच बाजू चालू ठेवतंय. दोघं एकदम बोलले की असा कॉल कोलमडतो.

प्रतिध्वनीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल, तर दोष बहुतेक वेळा समोरच्याच्या संचात असतो. म्हणजे आपला संच कसा आहे हे आपल्या कानाला कधीच कळत नाही. ते समोरच्यालाच विचारावं लागतं.

आणि स्पीकर एका यंत्राचा, माइक दुसऱ्याचा असं करू नका. स्पीकरमधून काय वाजतंय हे यंत्राला ठाऊक असतं, म्हणून तेवढं ते माइकमधून वजा करतं. लॅपटॉपचा माइक निवडलेला राहिला, तर स्पीकरफोनमधली ती सोय वायाच जाते.

अबोली

ब्लूटूथवर जोडणार असाल तर थांबा. नुसतं ऐकताना आवाज छान येतो, पण माइक सुरू झाला की संगणक सहसा हँड्स-फ्री प्रोफाइलवर (ब्लूटूथच्या कॉलसाठीच्या पद्धतीवर) जातो. तिथे जुना कोडेक (आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची पद्धत) असेल तर आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने, एमएसबीसी हा नंतरचा कोडेक असेल तर १६,०००. ८,००० नमुन्यांत ४ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच जात नाही, त्यामुळे ‘स’ आणि ‘फ’ सारखेच वाटतात. नावं किंवा पासवर्ड सांगताना हे फार नडतं. दुकानात गाणं लावून केलेली चाचणी म्हणूनच निरुपयोगी. तिथेच आवाज रेकॉर्ड करून ऐका.

माझं मत स्पष्ट आहे: कीबोर्ड बिनतारी असू द्या, स्पीकरफोन यूएसबी वायरीने जोडा. तो टेबलावरून हलत नाही, मग वायरीचा त्रास कसला?

रेडिओवाला

+१. तरीही दोन्ही बिनतारीच हवेत तर लहरींचा विचार करा. कीबोर्डचा डोंगल (संगणकाला लावायचा छोटा यूएसबी रिसीव्हर), ब्लूटूथ आणि जुनं वायफाय, तिन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. आधी वायफाय ५ गिगाहर्ट्झवर न्या.

त्याहून जास्त छळतो तो यूएसबी ३.०. त्याच्या पोर्टमधून, आणि विशेषतः बाहेरच्या हार्ड डिस्कच्या वायरीतून, नेमक्या याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मांडलं आहे. लक्षण ओळखीचं: फाइल कॉपी होत असताना अक्षरं गळतात किंवा एकच अक्षर ‘ककककक’ असं उमटत राहतं. लोक बॅटरी बदलत बसतात. इलाज म्हणजे डोंगल यूएसबी २.० पोर्टला लावा आणि छोट्या एक्स्टेन्शन वायरीने टेबलावर कीबोर्डजवळ आणा.

डोंगल हरवला तर दुसरा कुठलाही चालेल असं समजू नका. लॉजिटेकचे युनिफाइंग आणि बोल्ट हे डोंगल एकाच कंपनीचे असूनही एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

खटखट

टायपिंगचा आवाज हवेतून येतो तसाच टेबलातूनही येतो. कॉल रेकॉर्ड करा, टाइप करत राहा आणि मध्येच स्पीकरफोन दुसऱ्या हाताने उचलून धरा. खटखट एकदम कमी झाली तर गुन्हेगार टेबल आहे. मग स्पीकरफोनखाली जाड माउसपॅड घाला आणि कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो रबरी बुटांवर सपाट बसवा.

हवेतून येणाऱ्या आवाजाला अंतर हाच उपाय. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरफोन कीबोर्डच्या लगेच मागे ठेवला, तर माइकपासून कीबोर्ड २० सेंटिमीटर आणि तोंड ६० सेंटिमीटर होतं. कीबोर्डला साडेनऊ डेसिबलची आघाडी फुकट मिळाली! तोच बाजूला सरकवून ४० आणि ५० करा, आघाडी २ डेसिबलवर येते.

कीबोर्डात कात्री-यंत्रणेच्या (लॅपटॉपसारख्या) उथळ कळा सहसा शांत. निळ्या स्विचचा (दर दाबाला ‘क्लिक’ वाजणारा) मेकॅनिकल कॉलसाठी नकोच. विकत घेताना स्पेस आणि एंटर दाबून बघा, कारण लांब कळांखालची तार सैल असेल तर त्याच जास्त खणखणतात.

शांतम्

म्यूटचा घोळ राहिला. कीबोर्डवरची म्यूटची कळ सहसा स्पीकर बंद करते, माइक नाही. आपल्याला काही ऐकू येत नाही आणि आपलं बोलणं मात्र सगळ्यांना जातं. माइकसाठी ॲपचे शॉर्टकट बोटांत बसवा. विंडोजवर मीटमध्ये कंट्रोल + डी, झूममध्ये ऑल्ट + ए, टीम्समध्ये कंट्रोल + शिफ्ट + एम. ॲपची खिडकी समोर असेल तरच ते चालतात, झूममध्ये मात्र ग्लोबल शॉर्टकटची सोय आहे.

स्पीकरफोनवरचं बटण आणि ॲपचं बटण एकमेकांना कळवतात का, हेही तपासा. यंत्रावर लाल दिवा लागल्यावर ॲपमध्येही माइकवर काट आली पाहिजे. नाहीतर एकीकडे उघडलं तरी दुसरीकडे बंदच, आणि ‘ऐकू येतंय का?’ सुरू.

टंकवेडा

@शांतम्, अगदी. वायरीचा स्पीकरफोन थोड्या वेळाने आपोआप गायब होत असेल, तर विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी यंत्र झोपवण्याची सोय) बंद करून बघा. आणि कीबोर्डात रिचार्जेबल सेल असतील, तर ते १.२ व्होल्टचे असल्याने ‘बॅटरी कमी’चा इशारा लवकर येऊ शकतो. सेल लगेच बदलू नका.