बालककेंद्री बालघर की नेहमीचा शिशुवर्ग?

प्रश्न (पालक, नाशिक)
आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. घराजवळच्या शिशुवर्गात मुळाक्षरे आणि अंक रोज वहीत गिरवून घेतात. थोडे दूर असलेल्या माँटेसरी पद्धतीच्या बालघरात मात्र मुले आपापले साधन निवडून काम करतात आणि लेखनाची घाई नसते. आमचा कल बालघराकडे आहे, परंतु पहिलीत ती मागे पडेल आणि तिला शिस्त लागणार नाही, अशी काळजी सासूबाईंना वाटते. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर १ (बालवाडी शिक्षिका)
वही दिसत नसली तरी लेखनाची तयारी चालू असते. माँटेसरी पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवत त्याचा उच्चार करते, धातूच्या आकृत्यांच्या कडेने पेन्सिल फिरवते, आणि अशा कामांतून मनगट व बोटे स्थिर झाली की लिहिण्याकडे आपणहून वळते. इतक्या लहान हातांकडून पानभर ‘अ’ गिरवून घेतला, तर अक्षराबरोबर वहीचा कंटाळाही रुजतो, हे मी वारंवार पाहिले आहे.

शिस्तीचे म्हणाल, तर प्रत्येक साधनाचा सहसा एकच संच असतो. तो दुसऱ्याकडे असेल तर थांबावे लागते आणि काम झाल्यावर जागेवर ठेवावा लागतो. गुलाबी मनोरा या साधनातले १ ते १० सेंटीमीटर बाजूचे ठोकळे चुकीच्या क्रमाने रचले, तर ती चूक मुलाला स्वतःलाच दिसते. बाईंना काही बोलावे लागत नाही.

उत्तर २ (पहिलीचे वर्गशिक्षक)
नेहमीच्या वर्गाला सरसकट दोष देणे मला पटत नाही. सर्वांनी मिळून गाणी म्हणणे, एकच गोष्ट एकत्र ऐकणे यातून भाषा समृद्ध होते. माझ्याकडे दोन्हीकडची मुले येतात. लेखनातला फरक दिवाळीपर्यंत बहुधा मावळतो, परंतु स्वतःहून कामाला लागण्याच्या सवयीतला फरक वर्षभर जाणवतो. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असून पहिली-दुसरी त्यातच येतात.

उत्तर ३ (निवृत्त पर्यवेक्षिका)
ही पद्धत महागड्या साधनांवाचून चालत नाही, हा समज बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी केव्हाच खोडून काढला. १९४५ पासून (आताच्या पालघर जिल्ह्यातील) बोर्डीला आणि पुढे कोसबाडला सहकारी अनुताई वाघांसह काम करताना त्यांनी बिया, पाने, शंख-शिंपले हीच साधने केली, आणि आदिवासी मुले बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. माँटेसरी हे नाव आज कोणीही लावू शकते, त्यामुळे पाटीवर विसंबू नका. दोन्ही ठिकाणी तासभर मागे बसून पाहा: हाती घेतलेले काम मुलाला पुरे करू देतात का, आणि मूल अडले की बाई लगेच हात घालतात की थोडा वेळ थांबतात? बसू देत नसतील, तर कारण अवश्य विचारा.