ट्रॅक्टरचा गिअर सुटतोय, तातडीने मदत हवी

ढेकूळ:
चालता चालता गिअर आपोआप सुटतो, दांडी खाडकन न्यूट्रलला येते. मिस्त्री म्हणतो ट्रॅक्टर मधोमध दोन भाग करून खोलावा लागेल, गिअर बदलावे लागतील. पेरणी तोंडावर आलीय. खोलायचा की नाही, एवढंच सांगा. ऑइल बदलून झालंय, ते कुणी सुचवू नका.

पाना_तेरा:
कुठला गिअर? हाय की लो? भारात सुटतो की उतारावर ट्रॉली मागून रेटते तेव्हा? सरकत्या गिअरची पेटी आहे की कॉन्स्टंट मेश (गिअर कायम एकमेकांत गुंतलेले)? हे कळल्याशिवाय "खोला" कसं म्हणायचं?

ढेकूळ:
जुनाच आहे हो, वडिलांच्या वेळचा. गिअर नेहमीचाच, रोटाव्हेटरचा.

सायलेन्सर:
क्लच गेला. आमचंही सेम झालं होतं. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग एकदम टाकून मोकळे व्हा.

पाना_तेरा:
@सायलेन्सर, क्लच घसरला तर इंजिन गरगरतं आणि गाडी ओढत नाही. दांडी कशाला बाहेर येईल? टाकलेला गिअर बाहेर पडणं हे दुखणंच वेगळं.

सायलेन्सर:
आणि क्लच अर्धवट सुटत असेल तर? खर्रर्र करत गिअर टाकून टाकूनच दात्यांची टोकं झिजतात. मूळ क्लचमध्येच आहे, मानायचं तर माना.

पाना_तेरा:
हे मात्र खरं. ढेकूळ, क्लच पूर्ण दाबा, दोन-चार सेकंद थांबा आणि मग गिअर टाका. तरीही खरखरला तर क्लच नीट सुटत नाही. पेडलचा मोकळा खेळ आधी जुळवून घ्या, ते खोलल्याशिवाय होतं.

जुनंतेसोनं:
लिफ्ट वर टिकत नसेल तर पिस्टनचं सील बघा. बरेचदा तेवढंच असतं.

ढेकूळ:
लिफ्टचं कोणी विचारलंय? लिफ्ट झकास आहे.

बांधावरून:
ऑइल बदललं म्हणता, पण कुठलं टाकलं?

जुनंतेसोनं:
९० नंबरचं गिअर ऑइल टाका. जाड ऑइल असलं की पेटीचा आवाज बंद.

बांधावरून:
असं सरसकट सांगू नका. ब्रेक पेटीच्याच ऑइलमध्ये बुडालेले असतील आणि लिफ्टही त्याच ऑइलवर चालत असेल, तर पुस्तकात दिलेलं ट्रान्समिशन ऑइलच लागतं. ९० टाकलं की ब्रेक किंचाळतात, थंडीत लिफ्ट सुस्तावते. आणि आवाज दाबला म्हणून झीज थांबत नाही.

जुनंतेसोनं:
आमच्या ब्रेकला कधी ऑइल लागलंच नाही.

बांधावरून:
तुमचे कोरडे ब्रेक असतील. सगळ्यांचे नसतात.

ढेकूळ:
भांडणं नंतर करा. लो दुसरा आहे. भार आला की सुटतो. बाकीचे गिअर टिकतात. दांडी हाताने धरून ठेवली तर हाही टिकतो, सध्या तसंच काम उरकतोय.

पाना_तेरा:
अहो, हेच आधी सांगायचं! दांडी नुसत्या बोटाने थांबत असेल तर शिफ्टर शाफ्टची (गिअर बदलणाऱ्या सळईची) स्प्रिंग-गोळी, म्हणजे सळई खाचेत अडकवून धरणारी, कमजोर झालीय. दांडी हाताला धक्के देत असेल, जोर लावून धरावी लागत असेल, तर दाते निमुळते झालेत किंवा बेअरिंग ढिलं आहे. आणि धरून चालवणं आजच बंद करा, फोर्क (गिअर सरकवणारा काटा) गिअरच्या खाचेत घासून आणखी झिजतो. भरलेली ट्रॉली घेऊन उतारावर तर जाऊच नका.

ट्रॅक्टर मधून खोलायच्या आधी ड्रेन नट (ऑइल सोडायचा) काढा. त्याच्या चुंबकावर मऊ काळा लेप असेल तर काळजी नाही, नखाने चाचपल्यावर टोचणारे तुकडे लागले तर दाते तुटताहेत. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, दांडीचं रबर फाटलं की तिथून जातं. मग वरचं कव्हर उघडा. बऱ्याच जुन्या पेट्यांमध्ये स्प्रिंग-गोळी तिथेच सापडते. शाफ्ट ओढताना भोकावर फडकं धरा, गोळी उडून पेटीत पडली तर शोधत बसाल.

ढेकूळ:
उघडलं. लो दुसऱ्याच्या शाफ्टवरची स्प्रिंग तुटून दोन तुकडे. गोळी गुळगुळीत आहे, पण शाफ्टच्या खाचेची एक कड दबून चकाकतेय. चुंबकावर नुसता लेप. मिस्त्री अजून खोलायचंच म्हणतोय.

पाना_तेरा:
मग घाई नको. स्प्रिंगा सगळ्याच बदला, बाकीच्याही तेवढ्याच जुन्या. खाचेची कड गेली असेल तर शाफ्टही नवा घ्या, नाहीतर नवी स्प्रिंग असूनही गोळी घसरणार. कव्हर उघडंच आहे तर लो दुसऱ्याच्या दात्यांची टोकं टॉर्च मारून बघा: सरळ असतील तर मिस्त्रीला थांबवा, तिरकी झिजली असतील तर तो म्हणतोय ते बरोबर आहे. बसवताना सगळे शाफ्ट न्यूट्रलला ठेवा आणि दोन शाफ्टमधली छोटी पिन विसरू नका. ती राहिली तर दोन गिअर एकदम पडून पेटी जाम होते.