पदाचा मान फक्त ट्रम्प तात्यांना? बायडनला नाही?

ओसरीवरची
परवा इथे एका सदस्याने लिहिलं, "मत दिलं नसलं तरी राष्ट्राध्यक्षपदाचा मान राखायला हवा, अमेरिकन माध्यमांना त्याचं काही सोयरसुतक नाही." तिथेच उत्तर देणार होते, पण लांबलं.

मान राखावा, अगदी मान्य. पण हा मान नेमका कधी आठवतो? ऑगस्ट २०१४ मध्ये ओबामा इसिसवर बोलायला फिकट तपकिरी सूट घालून आले, तर उजव्या विचारांच्या फॉक्स वाहिनीवर सुटाचीच चर्चा. त्याआधी सप्टेंबर २००९ मध्ये संयुक्त सभागृहात त्यांचं आरोग्यविम्यावरचं भाषण चालू असताना साउथ कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार जो विल्सन ओरडले, "खोटं बोलताय!" सभागृहाने २४० विरुद्ध १७९ मतांनी नापसंती नोंदवली, आणि इकडे विल्सनना देणग्यांचा पाऊस. २०२३ मध्ये बायडन बोलत असताना रिपब्लिकन खासदार मार्जोरी टेलर ग्रीन 'खोटारडा' म्हणून ओरडल्या, त्यांच्यावर साधा ठरावसुद्धा नाही. आणि मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या भाषणात डेमोक्रॅट खासदार अल ग्रीन हातातली काठी उगारून उभे राहिले, तर त्यांना बाहेर काढलं आणि दोन दिवसांत निंदेचा ठराव मंजूर. २२४ विरुद्ध १९८.

ज्यांनी सुटाचे विनोद मंडळाच्या ग्रुपवर फॉरवर्ड केले, तेच आता पदाच्या प्रतिष्ठेवर कीर्तन करतात. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहेत.

बेसमेंटवाला
'एका सदस्याने' म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं होतं?

विल्सन एकदा ओरडले आणि बसले, त्याच रात्री व्हाइट हाउसला फोन करून माफीही मागितली. अल ग्रीनना सभापतींनी बसायला सांगितलं, तरी ते बसले नाहीत. फरक दिसतोय का? आणि त्या ठरावाच्या बाजूने १० डेमोक्रॅट होते, ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत. ४ फेब्रुवारी २०२० ला तेव्हाच्या डेमोक्रॅट सभापती नॅन्सी पेलोसी यांनी ट्रम्प यांच्या मागे उभं राहून भाषणाचे कागद टराटरा फाडले, तेही गाळलंत. पोरांनी शाळेत प्रिन्सिपलच्या मागे असं केलं असतं तर तुम्हीच पालकसभेत काय बोलला असता?

स्क्रीनशॉट खुशाल टाका. सूट खरंच वाईट होता.

ओसरीवरची
१० डेमोक्रॅट, बरं. गाळलं नव्हतं, आठवलं नाही. स्क्रीनशॉट मागितलेत म्हणून देते.

कोकणस्थ_इन_कॅन्सस
सगळं बिघडलं ते १९८७ मध्ये. फेअरनेस डॉक्ट्रिन काढून टाकली आणि दोन्ही बाजू दाखवायचं बंधन गेलं. आमच्या सासरेबुवांना दिवसभर एकच वाहिनी लागते. गेल्या थँक्सगिव्हिंगला मी रिमोट घेतला, तर जेवायचे थांबले! मेहुणा दुसऱ्या वाहिनीचा भक्त, तो गाडीत जाऊन बसला. भोपळ्याचे घारगे मी एकट्याने खाल्ले.

साधा_माणूस
ती डॉक्ट्रिन रेडिओ आणि अँटेनावरच्या टीव्हीला होती हो. फॉक्स आणि डावीकडची एमएसएनबीसी दोन्ही १९९६ चे, आणि केबलवाले. डॉक्ट्रिन असती तरी सासरेबुवा तेच बघत बसले असते.

कोकणस्थ_इन_कॅन्सस
मग रेडिओवरचे उजवे निवेदक रश लिम्बॉ विसरा. तुम्ही हुशार, आम्ही ढ.

पाटीवरची_अक्षरं
मूळ चर्चेत मला रस नाही. एक निरीक्षण नोंदवतो. वरच्या सगळ्यांनी 'ओरडल्या', 'बसले', 'उभे राहिले' लिहिलंय. म्हणजे भांडताना सुद्धा आदरार्थी बहुवचन! इंग्रजीत 'ही' आणि 'शी', विषय संपला. मान नाही म्हणून गळा काढायची सोयच नाही. आपल्याकडे मात्र बातम्यांत 'ट्रम्प म्हणाला' आणि 'ओबामा म्हणाले' एकाच वाहिनीवर ऐकलंय.

टेक्सासची_सून
एकेरी म्हणजे अपमान असं कुठे आहे? सचिन खेळला, सचिन आउट झाला. कोणी म्हणतं का 'सचिन आउट झाले'? विठोबालाही आपण अरे-तुरेच करतो.

पाटीवरची_अक्षरं
सचिन आणि विठोबा आपले आहेत म्हणून. ट्रम्प कधीपासून घरचे झाले?

टेक्सासची_सून
'तात्या' म्हणता तेव्हापासून.

माझी लेक इथेच वाढली. सांगलीला गेल्यावर आजोबांना म्हणाली, "तू चहा घेणार का?" सगळं घर गप्प. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच शिकवलं होतं. आजोबा हसत म्हणाले, "घेतो की!" त्यांना पंचाहत्तर वर्षांत कोणी इतकं जवळचं बोललं नव्हतं.

बेसमेंटवाला
गोड आहे, पण आजोबा न्यूक्लिअर कोड घेऊन फिरत नाहीत. धागा भरकटवू नका.

पाटीवरची_अक्षरं
ज्यांना आपल्या आजोबांना 'अहो' म्हणायला शिकवता येत नाही त्यांनी...

टेक्सासची_सून
वाक्य पूर्ण करा. करा ना.

साधा_माणूस
दोघेही जरा पाणी प्या. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९१८ मध्ये, भर युद्धात, लिहिलं होतं की राष्ट्राध्यक्षावर टीका करायचीच नाही म्हणणं ही गुलामी वृत्ती आहे. ते स्वतः माजी राष्ट्राध्यक्ष, आणि रिपब्लिकन.

बेसमेंटवाला
तेव्हा खुर्चीवर वुड्रो विल्सन होते, ज्यांनी रूझवेल्टना १९१२ मध्ये हरवलं होतं. ते दुसरं काय लिहिणार? आणि टीका वेगळी. २०१७ मध्ये विनोदी कलाकार कॅथी ग्रिफिनने ट्रम्प यांचं कापलेलं मुंडकं दाखवणारा फोटो काढून घेतला, ती टीका?

ओसरीवरची
आणि सीएनएनने तिला लगेच काढलं. ओबामांचा जन्म केनियातला म्हणून २०११ पासून कोण ओरडत होतं? त्या माणसाला कोणी वाहिनीवरून काढलं? राष्ट्राध्यक्ष केलं!

बेसमेंटवाला
जन्मदाखल्याचा तो प्रकार हलकट होता. तेव्हाही माझं हेच मत होतं. फक्त ग्रुपवर लिहिलं नाही, कारण तेव्हा मी गणपतीच्या वर्गणीच्या मागे होतो आणि अर्धे देणगीदार तिकडचे.

ओसरीवरची
बघा! वर्गणीसाठी तत्त्व गुंडाळलं.

बेसमेंटवाला
मोदक तुम्हीही खाल्लेत. चार.

पाटीवरची_अक्षरं
शेवटचं लिहितो, मग जातो. ओसरीताई, तुमचं शीर्षक वाचा. 'तात्यांना' आणि 'बायडनला'. मान कोणाला दिलात?

ओसरीवरची
शीर्षक आता बदलता येत नाहीये. संपादकांना कळवलंय.