पापेल पिकादो मुलांकडून करून घेताना

अमेरिकेत १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हा हिस्पॅनिक वारसा महिना, म्हणजे स्पॅनिश भाषक देशांशी नातं असलेल्या लोकांच्या संस्कृतीचा महिना. त्यासाठी सात-आठ वर्षांच्या मुलांना काय शिकवावं, असा प्रश्न अनेकदा पडतो. एका तासात सगळे देश कोंबू नका. मेक्सिकोच्या नक्षीदार कागदी पताका, म्हणजे पापेल पिकादो, एवढंच घ्या.

टिश्यू किंवा पतंगाचा कागद, साधारण २० बाय ३० सेंमी. वरच्या कडेला ३ सेंमीवर पेन्सिलीने रेघ मारा. ती पट्टी कापायची नाही, शेवटी तिच्यातच दोरा घालून ती चिकटवायची. मग उभी घडी, तिच्यावर आणखी दोनच. मुलं हौसेने चौथी घालतात आणि तिथेच फसतं: बोथट कात्री इतके थर कापत नाही, नुसते चुरगाळते. दोन कापांमध्ये बोटभर कागद ठेवा, नाहीतर उलगडताना नक्षीच गळून पडते.

मेक्सिकोतले कारागीर कागदांची चवड रचून छिन्नी-हातोडीने नक्षी पाडतात, हे मुलांना जरूर सांगा. आणि कवट्यांची नक्षी आत्ता नको, ती नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या मृतांच्या दिवसाची. १६ सप्टेंबर मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन; त्याला हिरवा, पांढरा, लाल हेच रंग शोभतात.