सरासरी गुणांवरून प्राथमिक शाळेचा दर्जा ठरवता येतो का?

फळा_खडू
प्राथमिक शाळांची तुलना करायची म्हटलं की सगळे आधी सरासरी गुण विचारतात. मला ही रीतच चुकीची वाटते. ज्या घरात पुस्तकं आहेत, रोज गोष्ट वाचून दाखवणारं कुणी आहे, तिथलं मूल पहिलीत येतं तेव्हाच बरंच पुढे असतं. त्याचे गुण शाळेच्या खात्यावर कसे मांडायचे?

शाळा पाहायची तर तिसरीतल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलाची गणिताची वही मागा. 52 वजा 17 चं उत्तर 45 लिहिलेलं हमखास सापडेल. 2 मधून 7 जात नाहीत, म्हणून पोरानं सरळ 7 मधून 2 वजा केलेले असतात. आता बाईंनी पुढे काय केलं ते बघा. लाल फुली मारून पान उलटलं, की काड्यांचा दहाचा गठ्ठा सोडून हातचा समजावला आणि पुढच्या पानावर तशीच चार उदाहरणं पुन्हा दिली? शाळेचा दर्जा त्या दोन पानांत दिसतो.

आकडेमोड
साफ असहमत. वही बघणार कोण? तपासायला येणारा ओळखीचा निघाला की सगळ्या वह्या उत्तम ठरतात. दोन माणसांना एकच वही दिली तर दोन मतं येतील.

'प्रथम' या संस्थेच्या 'असर' या शिक्षण-पाहणीचं उदाहरण घ्या. 2005 पासून ही पाहणी चालू आहे. मुलाच्या घरी जायचं आणि अक्षरं, शब्द, छोटा उतारा, दुसरीच्या पातळीची गोष्ट यांतलं काय वाचता येतं ते बघायचं. एवढ्या साध्या चाचणीनं पटनोंदणीच्या आकड्यांवर खूश असलेल्यांना जागं केलं. 2022 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या फक्त 20.5 टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. वह्या चाळून हे कधी कळलं असतं का? ताप मोजायचाच नाही म्हटलं तर औषध कुणाला द्यायचं?

जुनी_पाटी
मोजायला कुणाचीच ना नाही. मोजमापाला बक्षीस-शिक्षा जोडली की घात होतो. इंग्लंडमध्ये 1862 साली नियम आला : वाचन, लेखन, अंकगणितात जेवढी मुलं पास, त्या हिशेबानं शाळेला अनुदान. झालं काय, तर तपासणीस जे पुस्तक वाचायला सांगणार तेच मुलांकडून पाठ करून घ्यायला लागले. या पद्धतीला कडाडून विरोध करणाऱ्यांत कवी मॅथ्यू आर्नल्ड होते, आणि ते स्वतः शाळा तपासणीस होते.

फार जुनं वाटत असेल तर अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या शाळा बघा. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली गेली. 2011 च्या चौकशी अहवालात 178 शिक्षक-मुख्याध्यापकांवर ठपका आला. त्या मुलांना 'तुम्हाला येतंय' असं सांगून वर पाठवलं, मदत मिळालीच नाही. मला त्याचा सर्वांत जास्त राग येतो.

आकडेमोड
म्हणून तर 'असर'चं नाव घेतलं. त्यात ना शाळांची क्रमवारी लावतात, ना मुलाचं नाव छापतात. खोटं करून कुणाला काही मिळत नाही.

फळा_खडू
पण मग ती चाचणी *माझ्या* मुलाच्या शाळेबद्दल काय सांगते? काहीच नाही! देशाचं, राज्याचं, जिल्ह्याचं चित्र मिळतं. आणि एकेका शाळेची सरासरी काढली तरी पंचवीस मुलांच्या वर्गात दोन हुशार मुलं दुसरीकडे गेली की आकडा घसरतो. शिकवणं तेच, बाई त्याच.

दुसरी_ब
मी प्राथमिकला शिकवते. इथे दोन्ही बाजू चाचणी आणि वही यांवर भांडताहेत, वर्गात काय चालतं ते कुणी विचारत नाही. चाचणी आम्हीच घ्यायची, आम्हीच तपासायची, गुणही आम्हीच भरायचे. वर वर्णनात्मक नोंदी. 'नियमित अभ्यास करतो', 'गटकार्यात सहभागी होतो' ही वाक्यं चाळीस मुलांना आलटून पालटून वाटली जातात. त्या नोंदीवरून पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला मूल कुठे अडलंय ते कळत नाही. त्याऐवजी 'जोडाक्षरांशी अडखळते, रफार वाचता येत नाही' एवढी एक ओळ पुरे.

मला विचाराल तर जूनमध्ये मूल कुठे होतं आणि मार्चमध्ये कुठे पोचलं, हे बघा. तेही दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांनी, एकेका मुलाला समोर बसवून.

आकडेमोड
हे पटलं. पण सुरुवातीची पातळी मुद्दाम कमी दाखवली तर? प्रगती आपोआप मोठी दिसेल. आणि अदलाबदलीत शेजारच्या शाळा एकमेकींना सांभाळून घेतील, ही शंका आहेच.

दुसरी_ब
निकालाला बढती-बदली जोडली तर नक्की घेतील. नाही जोडली तर कशाला घेतील?

पालक_तिसरी
या सगळ्यात पालकानं काय बघायचं? इंग्लंडमध्ये शाळा तपासणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेनं सरकारी शाळांसाठी एका शब्दात एकूण शेरा देणं सप्टेंबर 2024 पासून बंद केलं. शाळेसारखी गोष्ट एका शब्दात बसत नाही हे मान्य, पण माझ्यासारख्याला वीस पानी अहवालही कळत नाही.

फळा_खडू
शाळेत जाऊन एकच विचारा : 'वर्गातली कोणती मुलं मागे आहेत आणि त्यांच्यासाठी या आठवड्यात काय चाललंय?' बाईंनी नेमकं सांगितलं की अमुक जणांना हातचा कळत नाही, त्यांना रोज वीस मिनिटं वेगळं बसवते, तर निर्धास्त राहा. 'आमच्याकडे कुणीच मागे नाही' असं उत्तर आलं तर जास्त काळजी करा.

आकडेमोड
प्रश्न चांगला आहे. पण गोड बोलणारी शाळा यातही पास होईल. घरी मुलाला न पाहिलेला परिच्छेद वाचायला द्या आणि त्यात काय घडलं ते त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. शाळेच्या उत्तराशी ते जुळतं का, ते मग कळेल.